पाइप फुटला, घरभर पाणी झालं, क्लेम मिळेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. शिमग्याला गावी गेलो होतो आणि इकडे बाथरूममधल्या गीझरचा कनेक्शन पाइप फुटला, रात्रभर पाणी चालू होतं, सकाळी खालच्यांच्या सीलिंगमधून टपकायला लागलं तेव्हा वॉचमनने गच्चीवरचा वॉल्व बंद केला आणि आम्हाला फोन आला. वॉर्डरोबचं प्लाय फुगलंय, बेडचे बॉक्स गेले, गाद्या गेल्या, हॉलमधलं लाकडी फ्लोअरिंग उचकटलंय. होम लोनच्या वेळी बँकेने घ्यायला लावलेली भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी आहे, पण एजंट म्हणतो लीकेजला काही मिळत नसतं, नाद सोडा. मिस्टर म्हणतात रविवारी सगळं भंगारात देऊन सुताराला बोलावू. खालच्या काकू पण खर्च मागतायत. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना थांबवा! भंगारवाल्याला काहीही देऊ नका, निदान सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला माणूस, बघून जाईपर्यंत तरी. फुगलेलं प्लाय हाच तुमचा पुरावा आहे, तो गेला की उरतात फक्त फोटो आणि मग नुकसान किती झालं यावर वाद सुरू होतो.

आता एजंटचं. तो अर्धंच सांगतोय. भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवावीच लागणारी स्टँडर्ड पॉलिसी आहे आणि तिच्यात पाण्याच्या टाक्या, पाइप वगैरे फुटणं किंवा ओव्हरफ्लो होणं हे आग, भूकंप, पूर यांच्याच यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. जे मिळत नाही ते म्हणजे हळूहळू झिजून, मुरून झालेलं नुकसान. म्हणजे वर्षभर भिंतीला ओल येत होती तर नाही, पण एका रात्रीत पाइप फुटला तर हो. अख्खा क्लेम या एका फरकावर उभा राहतो, म्हणून कंपनीला कळवताना मेलमध्ये "लीकेज" हा शब्द लिहूच नका, जे झालं तेच लिहा : अमुक तारखेला गीझरचा पाइप अचानक फुटला आणि घरात पाणी शिरलं.

आणि तो फुटलेला पाइप कुठाय? प्लंबरने बदलून टाकून दिला असेल तर आजच कचऱ्यातून शोधून आणा. पिशवीत घालून ठेवा, चीर कुठे गेलीय ते दिसेल असा जवळून फोटो काढा आणि प्लंबरकडून बिलावर पाइप कुठला होता, कसा फुटला, काय बदललं हे दोन ओळींत लिहून घ्या. वॉचमनने वॉल्व बंद केला त्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींचं साधं पत्र मिळालं तर फार चांगलं, कारण तुम्ही घरात नव्हता, वेळ आणि तारीख सांगणारं तिसरं माणूस तेच.

पॉलिसी काढून एक गोष्ट बघा, कव्हर फक्त बिल्डिंगचं आहे की सामानाचंही. बँकेने लोनसोबत दिलेल्या पॉलिसीत बरेचदा नुसती बिल्डिंगच असते. मग फ्लोअरिंग, भिंतींचा रंग, वायरिंग यांचं मिळेल पण गाद्या, बेड यांचं नाही. भिंतीत फिक्स केलेलं वॉर्डरोब बिल्डिंगमध्ये धरतात का हे सर्व्हेअरला आधीच विचारा. सामानाचंही कव्हर घेतलं असेल तर त्याची वेगळी यादी दिलेली नसली तरी बिल्डिंगच्या सम इन्शुअर्डच्या (म्हणजे विम्याच्या रकमेच्या) २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत ते आपोआप धरलं जातं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. बँकेचं नाव पॉलिसीवर असेल तर बिल्डिंगचे पैसे बँकेकडे जाऊ शकतात, तेव्हा बँकेशी आत्ताच बोलून ठेवा.

सुताराकडून "सगळं मिळून इतके" असलं एस्टिमेट आणू नका, सर्व्हेअर ते उडवतो. वॉर्डरोबचं प्लाय किती स्क्वेअर फूट, लॅमिनेट किती, मजुरी किती, असं सुटं सुटं लिहून घ्या. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत. फोनवर कोण काय बोललं त्याला अर्थ नाही, दर वेळी मेल करा. नाहीच म्हणाले तर पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाही हे लेखी मागा. तरी पटलं नाही तर आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार) ऑफिसरकडे, एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं मान्य नसेल तर विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील नको, मुंबई, ठाणे आणि पुण्याला ऑफिसं आहेत.

खालच्या काकूंचा खर्च मात्र या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला वेगळं लायबिलिटी कव्हर, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारं, लागतं. त्यांची स्वतःची होम पॉलिसी असेल तर त्यांनी तिथे क्लेम करावा, त्यांची कंपनी नंतर तुमच्याकडे वसुली मागू शकते हे लक्षात ठेवा. पॉलिसी नसेल तर सीलिंगचा पॅच आणि रंग तुम्ही करून द्या, माझं स्पष्ट मत आहे, पाइप तुमच्या घरातला होता.

प्रश्न : पुण्यात टॉप फ्लोअरला राहते, दर पावसाळ्यात गच्चीतून बेडरूमच्या भिंतीला ओल येते. होम इन्शुरन्समधून रंगाचे पैसे मिळतील?

उत्तर : नाही मिळणार, वर सांगितलं तेच, हे मुरलेलं पाणी. पण ते तुमच्या खिशातूनही जायला नको! सहकारी सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याचं आणि बाहेरच्या कॉमन पाइपलाइनचं लीकेज दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे, घरातल्या संडास-सिंकचं मात्र ज्याचं त्याचं. सेक्रेटरीला फोटोंसकट लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि हे एप्रिलमध्येच करा, कारण जूनमध्ये वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवर चढत नाही.