इंदूरला एका दिवसात भांड्यांची खरेदी आणि मांडू, दोन्ही जमेल का?

जमेल. आम्ही जमवलं होतं, म्हणूनच सांगते, तुम्ही जमवू नका.

तुम्ही लिहिलंय, 'सकाळी बर्तन बाजारातून पितळेची भांडी घेऊ आणि तसेच मांडूला निघू.' हे 'तसेच' वाचलं आणि मला राहवेना. आमच्या घरी हाच शब्द २४ ऑगस्ट १९९६ रोजी उच्चारला गेला होता. तारीख एवढी पक्की कशी, ते पुढे येईलच.

धाकट्या नणंदेचं लग्न ठरलेलं. ती पुण्याहून आठ दिवस आमच्याकडे आली होती. तिला आमच्यातर्फे घंगाळ, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं मोठं पितळी भांडं, द्यायचं होतं आणि मांडूचा जुना किल्लाही दाखवायचा होता. राजवाड्यामागची दुकानं अकराच्या आत काही धड उघडत नाहीत. बोहनी आम्हीच केली. घंगाळ छान निघालं, जाड पत्र्याचं, कड्या भक्कम. घरातली दोन फुटकी पितळी पातेली मोडीत दिली, त्यांचं वजन वजा झालं. दुकानदाराने तिथल्या तिथे मशीन फिरवून नावही घातलं.

मी म्हटलं, 'पैसे देऊन टाका, घंगाळ इथेच राहू दे, उद्या नेऊ.' सगळं इंदूर हेच करतं. पण ह्यांना दुकानदारावर भरवसा नाही. 'बदलून दिलं तर?' अहो, नाव घातलेलं घंगाळ कोण बदलतंय? पण नाही. 'तसेच जाऊ.'

राजवाड्यावरून टेम्पोने गंगवाल बस स्टँड, तिथून धारची बस, धारला बस बदलून मांडू. कंडक्टर म्हणाला, 'भाभीजी, इसका भी टिकट लगेगा.' घंगाळ अख्ख्या प्रवासात माझ्या मांडीवर होतं. ह्यांच्या मांडीवर डबा होता, भरलेल्या वांग्याचा, त्याचं तेल सांडू नये म्हणून.

पोहोचायला तीन वाजले. जहाज महाल धावतपळत पाहिला. दोन तलावांच्या मधोमध उभी असलेली ती लांबलचक इमारत पावसाळ्यातच पाहावी, कारण तलाव भरलेले असले तरच ते जहाज वाटतं. होशंगशाहचा संगमरवरी मकबरा बाहेरूनच. मग रूपमती मंडप. तिथे चढ. ह्यांनी जाहीर केलं, 'कुणीतरी घंगाळापाशी थांबायला हवं.' ते कुणीतरी कोण, हे तुम्हीच ओळखा.

बहीणभाऊ वर गेले. मी खाली भुट्टेवालीच्या शेजारी. एका बाईने येऊन विचारलंसुद्धा, 'कितने का दिया?' तेवढ्यात सर आली, तेव्हा मी घंगाळ डोक्यावर पालथं धरलं. त्या पत्र्यावर पाऊस पडताना जो आवाज होतो ना, तो आतून ऐकला की दोन दिवस कानात राहतो. भोवती इतकं धुकं की समोरची गोरखचिंच दिसेना, आणि मांडूची गोरखचिंच म्हणजे काही लपण्याजोगं झाड नव्हे.

आणि हे दोघं खाली येऊन काय म्हणाले? 'वहिनी, नर्मदा दिसली! चांदीच्या तारेसारखी!'

आज इतकी वर्षं मी हे ऐकतेय. प्रत्येक लग्नात, बारशात. राणी रूपमतीला रोज नर्मदेचं दर्शन व्हावं म्हणून माळव्याचा सुलतान बाजबहादूर तिथे मंडप बांधून देतो, ही गोष्ट ऐकून गेलेल्या माणसाला नर्मदा दिसतेच. निमाडचं मैदान खाली हजारभर फूट आणि नदी आणखी कितीतरी लांब. ती दिसायला हवा स्वच्छ लागते. भर श्रावणात, धो धो पावसात? नणंद म्हणते, 'वहिनी, आपण दिवाळीनंतर गेलो होतो, ऊन होतं.' गेल्या वर्षी तिनेच घासूनपुसून लखलखीत केलेल्या घंगाळाचा फोटो पाठवला. मी मोठा करून पाहिला. काठावर स्वच्छ अक्षरात: 'दादा-वहिनींकडून सप्रेम भेट, २४-८-९६'. आता बोला.

तर तुमचं. पहिला दिवस खरेदीचा, दुसरा अख्खा मांडूचा. गाडीने एका बाजूला शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, सकाळी सातला निघा. तिथे दाल-पानिये खा, मक्याचे, पानात भाजलेले. भांड्यांत स्वयंपाकासाठी पितळ घेणार असाल तर आतून कल्हई करूनच घ्या, नाहीतर चिंच-ताक घातलेलं सगळं कळकेल. घंगाळाला कल्हई लागत नाही. मोड असेल तर घरून आणा. आणि माल दुकानात ठेवून, पावती घेऊन परत या. नवरा काहीही म्हणो. रात्री सराफा बाजारात भरणाऱ्या खाऊगल्लीबद्दल बाकीचे सांगतीलच.

नर्मदा पाहायची असेल तर पाऊस संपल्यावर या, हिरवाई पाहायची तर आत्ता. दोन्ही एकाच वेळी मागू नका.

हां, एक राहिलं. पावसाळ्यातही सर थांबून धुकं फाटलं तर पाचेक मिनिटं खालचं सगळं उघडं पडतं, असं भुट्टेवाली म्हणाली होती. असेलही. त्या दिवशी फाटलं नव्हतं. घंगाळाखाली बसून तुला काय कळणार, असं हे आत्ता मागून वाचत म्हणताहेत.