दवाखान्याचा खर्च गरीब, मध्यम आणि सधन घरांच्या घरखर्चावर कसा परिणाम करतो?

सधन घरात फारसा नाही. विमा असतो, नोकरदाराला बिलाचे पैसे परत मिळतात. शेतमजुराच्या घरात हा खर्च कमीच दिसतो, कारण तो दुखणं अंगावर काढतो, दवाखान्यात जातच नाही. मरण होतं ते पाच-सात एकर कोरडवाहूवाल्याचं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस-सोयाबीनवाले. बाबांना अटॅक आला, नागपूरला नेलं, हृदयाच्या नळीतला स्टेंट राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसला. ऑपरेशनला रुपया लागला नाही, हे खरं. पण त्याआधीच्या तपासण्या, रात्रीची भाड्याची गाडी, मायचं तिथलं राहणं-जेवण, आणि सुट्टीनंतर काही दिवस सरले की दर महिन्याच्या गोळ्या? सगळं खिशातून, तेही ऐन हंगामात. खतासाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले. कपाशीला दुसरा डोज पडला नाही, निंदणाला बाया लावता आल्या नाहीत, पहिल्या वेच्याचा कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याने मागितला त्या भावात दिला. घरात तेल कमी झालं, दूध डेअरीला जायला लागलं, बस. म्हणून आमच्याकडे दवाखान्याचा खर्च किराण्याच्या वहीत शोधू नका, एकरी उत्पन्नात शोधा.

आमचे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीत होते. आमच्यावर कर्ज झालं म्हटलं की दर दिवाळीत त्यांचं एकच, "आपरेशन तं फुकटात झालं, मंग कर्ज कायचं?" मोठे बाबा, तुमच्या ऑपरेशनचं बिल ऑफिसने दिलं, वर रजेचा पगारही चालू होता. आमच्या वावराला मेडिकल रजा नाही.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. कमी झाला, मान्य. पण बुडालेली मजुरी त्यात कुठे धरतात?

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती नसती तर वावर विकावं लागलं असतं. २०२३ मध्ये ती सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू करून उपचाराची मर्यादा ५ लाख करायचं ठरलं, ते चांगलंच झालं. बीपी-शुगरच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयातून घ्या, तिथे नसल्या तर जनऔषधीच्या स्वस्त दुकानातून. आणि गाडीभाड्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं वहीत लिहून ठेवा. नातेवाइकांत विषय निघाला की पुढ्यात ठेवता येतं.