मेणबत्तीचा प्रयोग घेण्याआधी

सर, सातवीच्या वर्गावर मेणबत्तीचा प्रयोग घेताय, छान. ताटलीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वरून काचेचा पेला. पण आदल्या दिवशी एकट्याने करून बघाच. पाणी नेमकं कधी चढतं ते पाहा. ज्योत जळत असताना फारसं नाही. ती विझली की मग सरसर वर येतं. पेला झाकताना आतली हवा तापून फुगलेली असते, कधीकधी काठाखालून बुडबुडेही सुटतात. ज्योत विझल्यावर ती हवा थंड होऊन आकसते, दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

आपण मात्र ‘हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो जळून संपला, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं’ असं पाठ केलेलं. मीही कित्येक वर्षं तेच शिकवलं, त्याची आजही रुखरुख लागते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच होता ना? हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि गप्प राहा. उत्तर सांगायची घाई अजिबात नको.

पाण्यात चिमूटभर खायचा रंग घाला, शेवटच्या बाकावरूनही दिसतं. केस, ओढण्या नीट बांधलेल्या हव्यात. आणि पेला लगेच उचलू नका, काच तापलेली असते.