बीटची बैठक आणि सेविकांची आपली बैठक

प्रश्न : मी वडवणी तालुक्यात अठरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. दरमहा बीटची, म्हणजे एका मुख्यसेविकेच्या देखरेखीखालील अंगणवाड्यांच्या गटाची, बैठक होते. परंतु वजन-उंचीच्या नोंदी, ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपमधील माहिती आणि आहाराचा हिशेब यांतच ती संपते. मुलांना शिकवताना येणाऱ्या अडचणी तिथे निघत नाहीत. शेजारच्या पाच-सहा गावांतील सेविकांनी आपणहून एकत्र बसून एकमेकींकडून शिकावे, असे आमच्या मनात आहे. यातून खरेच काही साधते का, आणि सुरुवात कशी करावी?
— एक सेविका, जि. बीड

उत्तर : ताई, साधते, मात्र ही बैठक बीटच्या बैठकीची धाकटी बहीण होऊ नये, एवढे पहिल्या दिवसापासून सांभाळावे लागते. शासकीय प्रशिक्षणे आवश्यकच आहेत. 2023 साली सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रमात बालशिक्षणाचा भाग ठळक आहे. पण असे प्रशिक्षण वरून खाली पायरीपायरीने येते आणि आपल्या वर्गात पोहोचेपर्यंत त्यात सर्वसाधारण सूचनाच उरतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर निम्मी मुले निघून जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात, तेव्हा त्यांना पुन्हा वर्गात कसे रुळवावे, हे कोणत्याही पुस्तिकेपेक्षा ज्या सेविकेने ते पाच वर्षे केले आहे तिला अधिक नेमके ठाऊक असते. अडचण इतकीच, की तिचे हे शहाणपण तिच्या अंगणवाडीच्या चार भिंतींत राहते.

महाराष्ट्राला ही वाट नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, ते प्रत्यक्ष मुलांमध्ये वावरून, पाहून आणि बदलत गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली गेली. आपल्या अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता सुरुवातीविषयी. पाच ते आठ जणी पुरेत, कारण त्याहून जास्त झाल्या की दोघी-तिघी बोलतात आणि बाकीच्या मान डोलावतात. महिन्यातून एकदा, दोन तास, दर वेळी वेगळ्या अंगणवाडीत बसावे आणि शक्य झाल्यास मुले घरी जाण्यापूर्वी अर्धा तास तिथे पोहोचावे. त्या अर्ध्या तासात सजावट, तक्ते, स्वच्छता यांकडे पाहू नये. यजमान सेविकेने आधी सांगितलेल्या एकाच गोष्टीकडे पाहावे. उदाहरणार्थ, ‘गोष्ट सांगताना मागे बसलेली चार मुले काय करतात?’ मुले गेल्यानंतर प्रत्येकीने फक्त डोळ्यांनी दिसले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगावे. ‘तुम्ही असे करायला हवे होते’ हे वाक्य पहिल्या दोन-तीन बैठकींत वर्ज्य ठेवावे. या एका वाक्याने चांगले गट मोडतात.

त्यानंतर प्रत्येकीने पुढच्या महिन्यात आपल्या वर्गात करून पाहायची एक छोटी गोष्ट ठरवावी, आणि पुढची बैठक त्या प्रयोगाच्या हकिकतीनेच सुरू करावी. फसलेला प्रयोग आधी ऐकावा. हा दुवा तुटला की गटाची भिशी होते : चहा चांगला मिळतो, वर्ग मात्र तसाच राहतो.

भाषेच्या प्रश्नात तर अशा गटाचे मोल विशेष आहे. बंजारा तांड्यावरचे तीन वर्षांचे मूल आईला ‘याडी’ म्हणते. प्रमाण मराठीतले बडबडगीत ऐकताना ते गप्प बसते आणि आपण त्याला मंद समजून बसतो. गटात बंजारा समाजातील एखादी सेविका किंवा मदतनीस असेल तर तिच्याकडून रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द आणि एक-दोन गाणी सर्वांनी शिकून घ्यावीत. मदतनिसांना गटाबाहेर ठेवण्याची रीत मला पटत नाही. मुलांचे हात धुताना आणि त्यांना भरवताना पुष्कळ बोलणे त्यांच्याशीच होते.

एक साधी वही ठेवावी. तिच्यात मुलाचे बोलणे जसेच्या तसे लिहावे. नाव लिहू नये, आणि मुलांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत.

प्रश्न : मी मुख्यसेविका आहे. माझ्या बीटमधील काही सेविका असा गट चालवतात. मी त्यात बसावे का?
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : बोलावल्यास जरूर बसावे, पण वही-पेन पिशवीतच ठेवून. आपण तपासणीसाठी आलात असे एकदा वाटले, की कोणीही आपल्या वर्गातली खरी अडचण सांगणार नाही, आणि मग गटाला अर्थ उरत नाही. आपल्या हातून होण्यासारखी मदत वेगळी आहे : त्या दोन तासांत दुसरी बैठक किंवा तातडीची माहिती मागू नये, आणि बीटच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे या गटातील एका सेविकेला तिचा अनुभव सांगण्यासाठी द्यावीत. हिशेब आधी उरकू म्हटले, तर तिची पाळी कधीच येत नाही.