उत्तर: अँटी-यो पॉझिटिव्ह, सीटी नॉर्मल, मग पेट स्कॅन कशाला?

तुमच्या आईंबद्दल वाचलं. थोड्या दिवसांत तोल गेला, जीभ जड झाली, एमआरआय नॉर्मल, रक्तात अँटी-यो (लहान मेंदूच्या पेशींविरुद्धची, बहुतेकदा लपलेल्या कॅन्सरकडे बोट दाखवणारी अँटीबॉडी) निघालं, सीटीत गाठ नाही. आणि घरचे म्हणतात, मेंदूच्या दुखण्यात कॅन्सर कशाला शोधायचा? माझ्या मोठ्या बहिणीचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमचे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील.

पण पेट-सीटी (सीटीत न दिसलेली गाठही दाखवू शकणारा पूर्ण शरीराचा स्कॅन) टाळू नका. बायकांमध्ये अँटी-योच्या मागे बहुतेक वेळा अंडाशयाचा नाहीतर स्तनाचा कॅन्सर असतो. गाठीतलं एक प्रथिन लहान मेंदूच्या पुरकिंजे पेशींतही (तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या) असतं, त्यामुळे गाठीवर उठलेली प्रतिकारशक्ती त्या पेशींनाही मारते. म्हणूनच दुखणं आधी दिसतं, गाठ मागाहून सापडते. पेटमध्ये काही नाही निघालं तरी दर 4 ते 6 महिन्यांनी, 2 वर्षं शोध चालू ठेवतात. मॅमोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी वेगळी करून घ्या.

आता पैशाचं, कारण आमचा खरा वेळ तिथे गेला. एफडी ताईच्या एकटीच्या नावावर. बँक म्हणे सही जुळत नाही, बाईंना आणा. मे महिन्याच्या उन्हात नागपूरच्या धंतोलीहून ऑटोत नेलं. पेन कागदाला टेकलं की हात भलतीकडे सटकायचा, पहिलंच अक्षर चौकटीबाहेर. मास्तरीण होती ती, अक्षर मोत्यासारखं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "घरी सराव करून या." लहान मेंदू गेलेल्या बाईला सराव करून या! आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो, हे रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. आम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही. तोवर आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटीबॉडीचं महागडं औषध, अडून राहिलं. वजनाच्या किलोमागे एकूण 2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम. उसनवारीवर होत नाही ते. लवकर दिलं असतं तर ती बरी झाली असती असं मी म्हणत नाही, अँटी-योत मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण बँकेत ती भिंत धरून चालत गेली होती, आणि पैसे हाती येईस्तोवर व्हीलचेअर आली.

तेव्हा आईंची सही होतेय तोवर खातं "दोघांपैकी कोणीही" करून घ्या. या आठवड्यातच. मेडिक्लेमवाले अडले तर न्यूरोलॉजिस्टकडून लेखी घ्या की गाठीचा शोध हा याच निदानाचा भाग आहे.

नेटवर एनएमडीएवाले (मेंदूच्या अशाच पण वेगळ्या अँटीबॉडीच्या आजाराचे) रुग्ण उठून कामाला लागल्याचं वाचाल. त्यात अँटीबॉडी पेशीच्या पृष्ठभागावर बसते, पेशी सहसा वाचते. त्यावरून आईंचा अंदाज बांधू नका, आणि त्यांना तशी आशाही दाखवू नका.

पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर हनुवटी खाली करून घोट घोट पाजा, आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला लगेच दाखवा. पेटचा रिपोर्ट आला की इथेच टाका, मी बघते.