सचिवाला 'नोकरशहा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मंत्र्याला गोड बोलून गुंडाळणाऱ्या सचिवावर प्रहसन लिहायचं आहे, तर त्याला 'नोकरशहा' म्हटलेलं चालेल का? नोकर आणि शहा एकाच शब्दात, ही चूक नाही का?

मुळीच नाही. हुकूमशाही-हुकूमशहा ही जोडी आपण बिनदिक्कत वापरतो. नोकरशाही-नोकरशहा त्याच वळणाची. उलट नोकर आणि शहा शेजारीशेजारी बसल्यामुळे प्रहसनाचं निम्मं काम शब्दानंच उरकलंय.

फक्त हा शब्द सचिवाच्या तोंडी घालू नका. तो स्वतःला 'सनदी अधिकारी'च म्हणवणार. यातली सनद मूळची ईस्ट इंडिया कंपनीशी केलेल्या करारनाम्याची. त्यावर सही करणारे ते सनदी नोकर, बाकीचे बिनसनदी. कंपनी गेली, करारनामा गेला, विशेषण तेवढं राहिलं. आता त्याच्या पाठीशी राज्यघटनेचं ३११ वं कलम आहे. एरवी चौकशी केल्याशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. मंत्र्याच्या हाती उरते बदली, आणि तिची धमकी तो ऊठसूट देतो.

हे भांडण स्वातंत्र्यानंतरचं नव्हे. १९१९ च्या कायद्यानं प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, म्हणजे काही खाती गव्हर्नरकडेच राहिली आणि शिक्षण-आरोग्यासारखी खाती लोकांतून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. पण सचिवाला मंत्र्याला वगळून थेट गव्हर्नरला भेटायची मुभा होती. नाटककाराला आणखी काय हवं? पुढे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या 'सचिवालया'चं नाव बदलून 'मंत्रालय' केलं गेलं. पाटी बदलली, फायलींची वाट तीच.

'बाबू' मात्र टाळा. इंग्रजी वर्तमानपत्रं बड्या अधिकाऱ्यांनाही बाबू म्हणतात, पण मराठी कानाला सरकारी बाबू म्हणजे कारकून. सचिवाचा दरारा त्यात उतरत नाही.

संवादांसाठी शेरेच घ्या, ते रचायचीही गरज नाही. मंत्री अर्जावर लिहितो, 'तपासून नियमानुसार कार्यवाही करावी.' अर्जदार हरखतो. सचिव मात्र त्यातलं 'नियमानुसार' तेवढं वाचतो आणि फाइल विधी व न्याय विभागाच्या अभिप्रायासाठी पाठवून देतो. महिन्याभरानं मंत्री चिडून विचारतो, तेव्हा उत्तर तयार असतं: 'साहेब, आपल्याच आदेशानुसार कार्यवाही सुरू आहे.' इथं मंत्र्याला 'हे नोकरशहा!' म्हणून खुशाल ओरडू द्या.