एकाच मादीखाली तीन प्रकारची अंडी

प्रश्न : आमच्या परसात मस्कोव्ही बदकांची एक जोडी, काही गावठी बदके आणि गावठी कोंबड्या एकत्र असतात. मागच्या वेळी मस्कोव्हीची मादी खुडूक बसल्यावर तिच्या अंड्यांबरोबर गावठी बदकांची आणि कोंबडीची अंडीही एकाच दिवशी तिच्याखाली ठेवली. तीन आठवड्यांनी कोंबडीची पिल्ले निघताच ती त्यांना घेऊन उठली आणि उरलेली अंडी थंड पडली. फोडून पाहिली, तेव्हा बदकांची चांगली वाढलेली पिल्ले आत मेलेली होती. शिवाय मधल्या काळात इतर बदके तिच्या घरट्यात नवी अंडी घालून जात होती. ती आता पुन्हा बसण्याच्या बेतात आहे. या वेळी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : मादीचा यात काही दोष नाही. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते, गावठी बदकाचे 28 दिवसांत आणि मस्कोव्हीचे सुमारे 35 दिवसांत. तिन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली, तर पहिले पिल्लू आणि शेवटचे पिल्लू यांत दोन आठवड्यांचे अंतर पडणारच. पिल्लांची चिवचिव कानावर आली की मादीचे लक्ष बसण्यावरून पिल्ले सांभाळण्याकडे वळते, आणि ती फार तर एक-दोन दिवस मागे राहिलेल्या अंड्यांसाठी थांबते. म्हणून अंडी ठेवण्याचा दिवस एक असण्यापेक्षा फुटण्याचा दिवस एक असणे महत्त्वाचे आहे. समजा, मस्कोव्हीची अंडी 1 जानेवारीला उबवणीला लागली, तर गावठी बदकांची 8 तारखेला आणि कोंबडीची 15 तारखेला ठेवावीत, म्हणजे सगळी 5 फेब्रुवारीच्या आसपास फुटतील. नंतर ठेवायची अंडी आधीच्या आठवड्यात ताजी गोळा करून थंड, सावलीच्या जागी ठेवावीत, कारण उकाड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मग दगावतो.

तुमच्याकडे मस्कोव्हीचा नर गावठी बदकांबरोबर मोकळा फिरत असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. या दोन जातींच्या संकरातून झालेल्या अंड्याला दोन्हींच्या मधला, म्हणजे साधारण 32 दिवसांचा काळ लागतो आणि त्यातून निघालेली पिल्ले पुढे प्रजननक्षम नसतात. अशा अंड्यांनी तुमचे सारे गणित बिघडेल. तेव्हा अंडी गोळा करण्याआधी काही आठवडे नर वेगळा ठेवलेला बरा.

ठेवलेल्या प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने चारही बाजूंनी दिसेल अशी रेघ ओढून तारीख आणि जात लिहावी. मादी दिवसातून एकदा खाण्यासाठी आणि अंग भिजवण्यासाठी उठते, त्या वेळी घरटे पाहून खुणेवाचून असलेले प्रत्येक अंडे काढून घ्यावे. एक दिवस जरी हे राहून गेले, तरी उबवणीला लागलेले उशिराचे अंडे पुढे डोईजड होते. ती बसल्यावर घरट्याभोवती जाळी लावून इतर बदकांना वाट बंद करणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. जाळीच्या आत पाण्याचे घमेले मात्र असावे, कारण तिच्या ओल्या पिसांनी अंड्यांना लागणारा ओलावा मिळतो. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चपुढे अंडे धरले, तर फळलेल्या अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. ज्यात काहीच दिसत नाही, ते काढून टाकावे, नाहीतर ते नासून फुटते आणि बाकीच्यांनाही बाधते.

एवढे करूनही कोंबडीची पिल्ले लवकर निघालीच, तर ती सुकताच संध्याकाळी हळूच काढून, मादीला आवाज पोहोचणार नाही अशा खोलीत बल्बच्या उबेत खोक्यात ठेवावीत. अंड्यातला बलक पोटात असल्यामुळे ती पहिले दोन दिवस खाण्यावाचून तगतात. थंड लागणारी अंडी लगेच फेकू नयेत; टॉर्चपुढे आत हालचाल दिसली, तर पुन्हा उबेत ठेवल्यास ती बऱ्याचदा वाचतात. बदकाच्या अंड्याला पहिली तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवसही लागू शकतात. त्या काळात कवच सोलण्याचा मोह आवरावा, कारण आतल्या शिरा अजून रक्ताने भरलेल्या असतात.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर कोंबडीची अंडी या घरट्यात ठेवूच नयेत; ती एखाद्या खुडूक कोंबडीखाली द्यावीत. मस्कोव्हीची मादी पिल्लांना पाण्यात नेते, तिथे तिच्यामागे जाणारे कोंबडीचे पिल्लू बुडते. खाण्यातही फरक आहे : कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बदकाच्या पिल्लांना पुरत नाही आणि त्यांचे पाय अधू होतात. याहून मोठा धोका बुरशीचा आहे. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपेक्षा फार लवकर बळी पडतात. त्यामुळे पावसाळ्यात दमट झालेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड त्यांच्यापुढे मुळीच टाकू नये, वरून ती चांगली दिसत असली तरी.